एलिव्हेशन : नंदनवनातल्या एका दर्शनी भिंतीची समीक्षा



आज आपण जिथे बसलो आहोत, तिथून पायी सात-आठ मिनिटांवर, जगनाडे चौकाच्या अलीकडे आमचं घर आहे. आजचं व्याख्यान त्या घराच्या फक्त समोरच्या भिंतीवर आहे. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हटलं, ‘घराचा दर्शनी दगड काढताना’. त्यांनी विचारलं, हा विषय समीक्षेचा आहे की ठेकेदाराचा? (हशा) आमचं उत्तर असं, की तो दोघांचा आहे, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून घरांवरून दगड पडतात.

सुरुवातीला एक खुलासा. व्याख्यानभर आम्ही ‘आम्ही’ म्हणणार आहोत. ते मोठेपणाचं ‘आम्ही’ नाही. घर बाबांचं, निर्णय आम्हा तीन भावंडांचा, त्यामुळे चूकही एकट्याच्या नावावर टाकता येत नाही.

आता शब्दापासून सुरू करू. नागपुरात कुठल्याही नव्या घरासमोर उभे राहा, लोक म्हणतात, ‘एलिव्हेशन मस्त केलं.’ नकाशा काढणाऱ्याच्या भाषेत एलिव्हेशन म्हणजे समोरून सरळ पाहिल्यावर इमारत जशी दिसते तसं तिचं रेखाटन. म्हणजे ते प्रत्येक घराला असतंच, पत्र्याच्या खोलीलासुद्धा. आपल्या बोलण्यात मात्र एलिव्हेशन ‘करावं’ लागतं, त्याला वेगळा खर्च येतो, आणि ज्याच्याकडे तेवढे पैसे नसतात त्याच्या घराला ‘एलिव्हेशनच नाही’. शब्दाचा अर्थ असा सरकला, त्यात आपल्या वस्त्यांचा चाळीस वर्षांचा इतिहास आहे. आधी घर बांधलं जातं, चेहरा नंतर लावला जातो.

नागपूर सुधार प्रन्यासचा कायदा १९३६ चा. या प्रन्यासनं शहराच्या चारी बाजूंना आखलेल्या लेआउटांमधून इथला कामगार, कारकून, शिक्षक पहिल्यांदा स्वतःच्या भूखंडावर आला. नाव तरी काय मिळालं, नंदनवन! इंद्राच्या बागेचं नाव, आणि सुरुवातीला बाग सोडून सगळं. आमचे बाबा कापडगिरणीत होते. ज्या शहरात जमशेटजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली, त्या शहरात गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या कितीतरी घरांपैकी आमचं एक. १९८० च्या दशकात त्यांनी इथे दोन खोल्या बांधल्या. विटा, सिमेंटचा गिलावा, वर फिकट निळा रंग. पुढे मजला चढला. आणि २००३ साली समोरच्या पश्चिमेच्या भिंतीला दगड लागला.

हा दगड धौलपूरचा होता, वालुकाश्म. बाबांनी तोच का निवडला, हे आम्ही त्यांना वीस वर्षं विचारलं नाही. हे मुद्दाम सांगतो आहोत, कारण आमच्यापैकी दोघांनी त्या काळात वास्तुकलेवर भरपूर वाचलं होतं, आणि वाचलेलं सगळ्यात आधी आपल्याच घरावर वापरून पाहिलं होतं.

आम्ही काय वाचलं होतं? जॉन रस्किनचं १८४९ चं पुस्तक, ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’. त्यातला एक दिवा सत्याचा. एका पदार्थाला दुसऱ्याचं सोंग देणं हा त्याच्या लेखी अप्रामाणिकपणा. मग व्हिएन्नाच्या अडॉल्फ लोसचा १८९८ चा आच्छादनावरचा निबंध. त्याचा नियम असा, की झाकणारा पदार्थ आणि झाकला गेलेला पदार्थ यांच्यात गल्लत होता कामा नये. लाकडाला कुठलाही रंग द्या, पण लाकडाचा रंग देऊ नका. एवढी हत्यारं हातात आल्यावर आम्हाला घराची भिंत खोटी दिसायला लागली. पाऊण इंच जाडीचा दगड, मागे नऊ इंची वीट, आणि दगडी घर असल्याचा आव. जेवताना आम्ही हे बाबांना ऐकवलंही. ते भाजी वाढून घ्यायचे आणि गप्प बसायचे.

आज ती समीक्षा आम्हालाच चुकीची वाटते, आणि का ते नीट सांगायला हवं.

पहिलं कारण पुस्तकातच होतं, आम्ही सोयीनं वगळलं होतं. याच रस्किननं व्हेनिसवर लिहिताना सेंट मार्कच्या चर्चची मनापासून बाजू घेतली आहे, आणि ते चर्च विटांचं आहे, वरून संगमरवर लावलेलं. तो फसवणूक मानत नाही, कारण पाहणाऱ्याला ते कळतं. आपला ताजमहाल घ्या. आतून वीट आणि चुना, बाहेरून मकराण्याचा संगमरवर. ताजमहालाला कुणी खोटारडा म्हणत नाही. मग नंदनवनातल्या गिरणी कामगाराच्या घरालाच आम्ही का म्हणत होतो? बादशहानं लावला तर आच्छादन, आणि बाबांनी लावला तर दिखावा! समीक्षेच्या आडून आमची लाज बोलत होती. आपण शिकलो, आता घर जरा साधं, ‘सुसंस्कृत’ दिसावं, ही ती लाज.

आणखी जवळचं उदाहरण छत्रपती संभाजीनगरचं, म्हणजे औरंगाबादचं. १६६० च्या सुमाराचा बीबी का मकबरा. त्याला ‘गरिबाचा ताज’ म्हणून सगळे हसतात. तिथे मुख्य इमारतीला खालच्या पट्ट्यात संगमरवर आहे, घुमटाला संगमरवर आहे, आणि मधल्या भागात घोटीव चुन्याचा गिलावा. जिथे हात लागतो तिथे दगड, जिथून दुरून पाहायचं तिथे गिलावा. आम्ही हे काटकसरीचं नमुनेदार वाचन मानतो. हा मकबरा पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

दुसरं कारण बाबांनी दिलं, पण ते दगड काढायची वेळ आल्यावर.

त्याआधी भिंतीचं काय झालं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी जुलैत, तीन दिवसांच्या पावसानंतर, दुपारी चारच्या सुमारास वरच्या मजल्याच्या खिडकीजवळचा एक दगड सुटला. दोन फूट बाय एक फूट. साधारण नऊ किलो. खाली पायरीला टेकून शेजारच्या मुलाची सायकल उभी होती. सीट चेपली, दगडाचे तीन तुकडे झाले. तो मुलगा दोन मिनिटांपूर्वी पाणी प्यायला घरात गेला होता. यापुढचं वाक्य आम्ही आमच्या घरात अजून कुणी पूर्ण केलेलं नाही.

त्या दिवशी भिंत सुंदर की कुरूप, खरी की खोटी, हे प्रश्न मागे पडले. भिंतीला विचारण्याचा पहिला प्रश्न असा, की तुझ्याखाली कोण उभं असतं?

मग आम्ही तिला वाजवून पाहिलं. उन्हाळ्यात आपण माठ घेताना वाजवून घेतो, तसंच. लाकडी दांड्यानं एकेका दगडावर हलकं ठोकायचं. भरीव असेल तर आवाज बद्द आणि घट्ट येतो, मागे पोकळी असेल तर डबडब वाजतो. आम्ही खडूनं खुणा केल्या. अर्ध्याहून जास्त भिंत डबडब वाजली. भंडाऱ्याचे एक वयस्क मिस्त्री पाहायला आले. त्यांनी एका सांध्यात छिन्नी घातली, नुसती टेकवली, आणि म्हणाले, ‘हे पकडलंच नाही जी. नुसतं उभं आहे.’

वीस वर्षं तो दगड नुसता उभा होता. समीक्षकांना सांगायचं तर, दर्शनी भिंतीवर इतकं नेमकं वाक्य आम्ही कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

का सुटला असेल? कारणं तीन होती. एक, दगडाच्या पाठीमागे माल पूर्ण भरलेला नव्हता. चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे गोळे ठेवून दगड दाबला होता. मधल्या पोकळीत पाणी साचतं. दोन, गच्चीच्या कठड्यावर उताराची टोपी नव्हती, त्यामुळे पावसाचं पाणी वरून थेट दगडाच्या मागे उतरत होतं. ओल सुकताना पांढरा खार फुटत होता, आणि आम्ही दरवर्षी दिवाळीला तो पुसत होतो. तीन, नागपूरचा उन्हाळा. या शहरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश सेल्सिअस नोंदले गेले आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश. हे हवेचं तापमान झालं, पश्चिमेच्या उन्हात दगड त्याहून कितीतरी जास्त तापतो. पन्नास अंशांच्या फरकानं एक मीटर वालुकाश्म साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो. अर्धा मिलिमीटर म्हणजे काही नाही असं वाटेल. पण दगड दगडाला खेटून, सांध्यात जागा न ठेवता लावले असतील, तर तो अर्धा मिलिमीटर जाणार कुठे? तो मागच्या मालाला सोडायला लावतो. दरवर्षी थोडा थोडा.

वजनाचा हिशोबही सांगून टाकतो. वीस मिलिमीटर जाडीचा दगड चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास, मागचा माल धरला तर आठ-साडेआठ किलो. आमची भिंत तीस फूट बाय वीस फूट. म्हणजे जवळपास पाच टन वजन नऊ इंची भिंतीला बाहेरून लटकत होतं, आणि त्याला एकही पिन नव्हती.

हे फक्त स्वस्तातल्या कामात होतं असं समजू नका. हेलसिंकीचा फिनलँडिया हॉल, आल्वार आल्तोची इमारत, १९७१ ची. इटलीच्या कराराचा पांढरा संगमरवर लावला, आणि फिनलंडच्या हवेत त्याच्या पाट्या पापडासारख्या वाकल्या. १९९० च्या दशकाच्या शेवटी सगळा दगड काढून पुन्हा कराराचाच लावला. का, तर इमारतीची ओळख ती आहे म्हणून. तोही वाकला. आता इटलीतल्याच दुसऱ्या, लासाच्या खाणीचा लावला आहे. शिकागोत १९७० च्या दशकातल्या एका ऐंशीहून अधिक मजली इमारतीवर त्याच कराराच्या सुमारे ४३ हजार पाट्या होत्या. १९९० ते १९९२ मध्ये सगळ्या उतरवून ग्रॅनाइट लावावा लागला. मोठ्या नावाच्या वास्तुविशारदाची चूक ‘पदार्थाचं वर्तन’ म्हणून अभ्यासाला लागते, आणि नंदनवनातली चूक ‘हौस’ म्हणून हसण्यावारी जाते. चूक मात्र एकच. दगड दिसतो कसा ते पाहिलं, हवेत वागतो कसा ते पाहिलं नाही.

तर, दगड काढायचं ठरलं. बाबांना सांगायला आम्ही तिघं एकत्र गेलो. ते ७८ वर्षांचे आहेत. सायकलचं त्यांना माहीत होतं, त्यामुळे नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, ‘काढा. पण मले एक सांगा, हा दगड तुमाले खोटा कायले वाटत होता?’

आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते आम्ही त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते दहा वर्षांचे होते, आजोबांचा हात धरून दीक्षाभूमीवर होते. तेव्हा ते मोकळं मैदान होतं. १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते स्तूपाचं उद्घाटन झालं. वास्तुविशारद शिवदानमल यांचा तो १२० फूट उंचीचा स्तूप आपण सगळे ओळखतो. त्याच्या बाहेरचा दगड धौलपूरचा. बाबा दुसऱ्या दिवशी तिथे गेले, दगडाला हात लावला, आणि तिथल्याच एका कारागिराला विचारलं, याचं नाव काय? पुढचं दीड वर्ष त्यांनी पैसे जमवले.

आम्ही ज्याला दिखावा म्हणत होतो, ते उद्धरण होतं. एका वाक्याचं नाही, एका दगडाचं. ज्या माणसाच्या बापाला गावातल्या दगडी वाड्याच्या ओट्यावर बसता येत नव्हतं, त्यानं स्वतःच्या घराला दगड लावताना वाड्याचा काळा दगड घेतला नाही, हायकोर्टासारखा दिसणाराही शोधला नाही. त्यानं स्तूपाचा दगड घेतला. लोसचा नियम इथे तोकडा पडतो. दगड विटेचं सोंग घेतो का, एवढंच तो विचारतो. दगड कुणाची आठवण काढतो, हा प्रश्न त्या नियमात नाही.

म्हणजे मग दगड ठेवायचा का? नाही. हे कबूल करणं आम्हाला जड गेलं, पण आठवण कितीही मोठी असली तरी तिच्यामुळे खालून जाणाऱ्या पोराच्या डोक्याला इजा होणार नाही, असं नाही. बाबांनाही ते मान्य होतं. उद्धरण योग्य होतं, ते चिकटवलं वाईट होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आम्ही वीस वर्षं नेमक्या उलट्या धरून बसलो होतो. ज्यात दोष नव्हता तिथे बोट ठेवलं, आणि दोष होता तो दरवर्षी दिवाळीला फडक्यानं पुसला.

काढण्याचं काम डिसेंबरात केलं. त्यालाही कारण आहे. मे महिन्यात नवा गिलावा पाणी धरत नाही, पावसाळ्यात ओली भिंत बंद होते. नागपुरात अशा कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. परांची बांधली, खाली रस्ता दोरीनं अडवला, काम वरून खाली. आधी सांधे कटरनं कापायचे, मग मागून छिन्नी. खालून सुरू केलं तर वरचा दगड कामगाराच्या अंगावर येतो, हे सांगायला नको. पण आमच्या गल्लीत लोकांना तसं करताना पाहिलं आहे. वालुकाश्म कापताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते आणि कायमची राहते. म्हणून पाणी मारत कापायचं आणि चांगला मास्क द्यायचा. आपल्याकडे मास्क मागितला तर ठेकेदार रुमालाकडे बोट दाखवतो. मास्क आम्ही आणले.

दगड काढताना एक विचित्र गोष्ट कळली. जे वाईट लागले होते ते अख्खे निघाले, जे चांगले लागले होते ते फुटले. तीनशेच्या आसपास दगडांपैकी ११० शाबूत राहिले. बाबा समोर खुर्ची टाकून मोजत होते.

दगडामागे काय होतं? जुना गिलावा, त्यावर दगड पकडावा म्हणून मारलेले छिन्नीचे टाचे, आणि टाच्यांच्या मधे मधे तो १९८० च्या दशकातला फिकट निळा रंग. दाराशेजारी नावाच्या पाटीची चार भोकं. त्या निळ्याकडे बघून आईनं फक्त एवढंच म्हटलं, ‘हा रंग मी निवडला होता.’ आमच्या समीक्षेत आईची ही भिंत कधी आलीच नव्हती. चेहरा काढला की खाली ‘खरं’ घर सापडेल असं आम्हाला वाटलं होतं. खाली आधीचा चेहरा सापडला.

दगड काढणं म्हणजे नेहमी सत्याकडे जाणं नसतं, हे इतिहासही सांगतो. दिल्लीत अब्दुर्रहीम खानखानानं १५९८ च्या सुमारास पत्नीसाठी बांधलेला मकबरा आहे, पुढे तोही तिथेच पुरला गेला. अठराव्या शतकात त्याचा संगमरवर आणि तांबडा दगड सोलून सफदरजंगच्या मकबऱ्याला नेला. आतला ओबडधोबड गाभा दोन-अडीच शतकं उघडा पडला होता. त्याला कुणी ‘प्रामाणिक वास्तू’ म्हटलं नाही. ती लूट होती. अलीकडे, २०२० मध्ये त्याची दुरुस्ती पूर्ण झाली. तेव्हा काढणं हे कृत्य स्वतः चांगलंही नाही, वाईटही नाही. कशासाठी काढलं, काढलेलं कुठे गेलं, आणि उघडं पडलेलं कुणी झाकलं, हे विचारायचं.

आमच्याकडे ठेकेदारानं लगेच पुढचा कॅटलॉग आणला. अॅल्युमिनियमचे पत्रे, लाकडासारखे दिसणारे तक्ते, मधून दिव्यांच्या पट्ट्या. म्हणजे वीस वर्षांनी आमची मुलं दुसऱ्या कशाखाली उभी राहणार. आम्ही नको म्हटलं. सुटलेला जुना गिलावा काढला, जिथे कॉलमचा गज गंजला होता तिथे तो घासून दुरुस्त केला, वीट आणि काँक्रीटच्या सांध्यावर जाळी मारली, दोन थरांत गिलावा केला, दहा दिवस पाणी मारलं. कठड्याला बाहेर उतार असलेली टोपी केली. ती वीस वर्षांपूर्वी केली असती तर आज हे व्याख्यान झालं नसतं. वर फिकट रंग, कारण पश्चिमेचं ऊन.

आणि खाली, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत, बाबांचा धौलपूरचा दगड परत लावला. या वेळी मागे पूर्ण माल भरून, स्टीलच्या पिना घालून, सांध्यात जागा सोडून. तीन फुटांवरून सुटला तरी कुणाच्या डोक्यात पडणार नाही. जिथे हात लागतो तिथे दगड, वर गिलावा. ही युक्ती कुठली ते आम्ही बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘म्हणजे माझ्या जिवंतपणीच मकबरा करून टाकला म्हणा!’ (हशा) उरलेले दगड अंगणात कडुलिंबाखाली अंथरले आहेत. संध्याकाळी ते तिथेच बसतात.

समीक्षेबद्दल एवढंच सांगून थांबतो. आपल्या शहरात उत्तम दगडी कामं आहेत. हेन्री मेडच्या आराखड्यावर बांधलेली, १९४० साली सुरू झालेली उच्च न्यायालयाची इमारत वालुकाश्माची आहे, एकदा तिच्या सांध्यांकडे पाहून या. पण वस्तीतल्या घरांकडेही त्याच गांभीर्यानं पाहा. हसण्याआधी विचारा की हा दगड इथे का आला. आणि कौतुक करण्याआधी वाजवून पाहा.

एक चिठ्ठी आली आहे, तेवढी घेतो. हसनबागेतून आलेल्या एक ताई विचारतात : ‘आमच्या यजमानांना घराला दगड लावायचाच आहे. लावू द्यायचा की नाही?’

लावू द्या, ताई. फक्त ठेकेदाराला तीन प्रश्न विचारा. मागे माल पूर्ण भरणार का? डोक्याच्या वरच्या प्रत्येक दगडाला पिन देणार का? गच्चीवरचं पाणी कुठून उतरणार? आणि यजमानांना एकच विचारा, हाच दगड का? ते आजच विचारा. आम्ही वीस वर्षं लावली.